टीव्हीवर टाकायचं कापड

१

रस्ता रुंद करायला आलेल्या जेसीबीने खांब पाडले आणि बेलापुरातल्या त्या गल्लीची केबल गेली ती गेलीच. केबलवाल्याने हात वर केले. पोरं मोबाईलवर बघतात, म्हातारी माणसं फ्री डिशवर. आता एवढ्याशा गल्लीसाठी कोण नव्याने वायर ओढत बसणार?

दुसऱ्या कुणाच्या घरात टीव्ही आठवडाभर बंद राहिला असता तर काही बिघडलं नसतं. सायलीच्या घरात बिघडलं. तिच्या आईला, छबूबाईंना, दिवाळीच्या तोंडावर लकवा मारून गेला होता. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. उरले ते डोळे, डावा हात आणि टीव्ही. सकाळी कीर्तन लागलं की तो हात गादीवर ठेका धरायचा. दुपारच्या मालिकेतली सासू तणतणायला लागली की ओठाचा डावा कोपरा हलायचा. हलतंय ते हलतं ठेवा, असं फिजिओथेरपीवाल्या सरांनी बजावलेलं. केबल गेली तसं आईने तोंड भिंतीकडे फिरवलं आणि पेजेचा घास गालातच धरून ठेवायला लागली.

घरात दोघीच. वडील, अण्णा, जाऊन बरेच दिवस झाले, भाऊ पंकज चाकणला कंपनीत. सायली श्रीरामपूरच्या कॉलेजातून बीएस्सी झालेली. पुण्यातल्या लॅबची नोकरी सोडून आली होती. मुळात घाबरट. कुकरची शिट्टी झाली तरी छातीत धस्स व्हायचं. दिवसातून कितीदा तरी ती आईच्या नाकापुढे उलटा तळहात धरून बघायची, श्वास लागला की मगच कामाला हात घालायची.

डिश बसवायला राधाकृष्ण आला. गच्चीवर अण्णांनी स्लॅबमध्ये पक्का केलेला पाइप होता आणि त्यावर जुना अँटेना, दोन काड्या वाकलेला.

"ताई, ह्यो काढू का? टॉवर बंद हून जमाना झाला. ह्यात आता कुत्रंबी दिसायचं न्हाई."

"राहू द्या. अण्णांनी लावलाय."

"ऱ्हाऊ द्या मग. कावळ्यांना बसाय व्हईल."

खाली येऊन वायरीसाठी त्याने भिंतीला ड्रिल लावलं. धूळ उडेल म्हणून खाटेच्या कठड्यावरची चादर उचलली आणि टीव्हीवर टाकली. सायली ओरडलीच. धावत जाऊन तिने चादर ओढून काढली.

राधाकृष्णने जीभ चावली. "चुकलं ताई. ध्यानात न्हाई आलं."

गावात कुणाला हे सांगावं लागत नाही. घरात माणूस गेलं की टीव्ही बंद करतात आणि वर कापड टाकतात. तेराव्याचं गोडधोड झाल्यावरच ते निघतं. अण्णा गेले तेव्हा आईने स्वतः विणलेलं पोपटांचं कव्हर टाकलं होतं. एरवी टीव्हीवर कापड म्हणजे अभद्रच.

जाताना त्याने दोन रिमोट तिच्या हातात दिले. "ह्यो बॉक्सचा, ह्यो टीव्हीचा. टीव्हीचा लई चाळवायचा न्हाई. कोपऱ्यातलं ह्ये बटन दाबलं का बॉक्स सुटतो आन् नुस्त्या मुंग्या येत्यात. मग तुमी मला फोन करताल, टीव्ही बिघडला म्हनून."

कीर्तन लागलं. आईचा हात गादीवर हलला. सायली स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून रडली.

२

चूक साधीच होती. दुपारी आईचा डोळा लागला म्हणून ती आवाज कमी करायला गेली आणि हातात दुसरा रिमोट आला.

मुंग्या यायला हव्या होत्या. आली एक खोली.

फिकट, धुरकट चित्र. कोपऱ्यात वाहिनीचं नाव नाही, खाली पट्टी नाही. संगीत नाही. नुसता पंख्याचा आवाज, एका फेरीला एकदा खडखडणारा. खुर्चीवर एक म्हातारी बाई मांडीत मेथी घेऊन बसलेली, आणि ती थेट सायलीकडे बघत होती. मध्येच हसली. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत.

नवीन काहीतरी असेल, सायलीला वाटलं. हल्ली कसल्याही फिल्मा काढतात. मग तिला मागचं साखर कारखान्याचं कॅलेंडर दिसलं, शिंकाळ्यातली पितळी घागर दिसली, आणि तिने खोली ओळखली. ती समोरच्या घरातली रंगुबाई होती. रंगुबाई तिच्या घरात तिचा टीव्ही बघत बसली होती आणि सायली तिला त्या टीव्हीच्या जागेवरून बघत होती.

ती बीएस्सीची पोर. डोकं चालवायला बसली. कुणीतरी मोबाईल ठेवला असेल. सीसीटीव्ही असेल. पण रंगुबाईकडे अजून डबा टीव्ही होता, काचेचं पोट पुढे आलेला. त्याच्यात कुठला आलाय कॅमेरा? ती खिडकीशी गेली. समोरच्या दाराला कुलूप होतं. रंगुबाई सुनेला घेऊन सकाळीच श्रीरामपूरच्या बाजाराला गेली होती.

सायलीने बटण दाबलं. मालिका परत आली, सासू तणतणत होती.

ऊन उतरल्यावर समोरचं कुलूप निघालं. थोड्या वेळाने खिडकीतून पंख्याचा आवाज आला, फेरीला एकदा खडखडणारा. मग रंगुबाईचं हसू. सायली पडद्याआडून बघत राहिली. मांडीत मेथी. पदर तोंडाला. खांदे तसेच हलले.

३

ते बटण परत दाबायचं नाही असं तिने ठरवलं होतं. पण दात किडला की जीभ तिथेच जाते, तसा हात जायचा. रोज दुपारी. बहुतेक वेळा मुंग्याच असायच्या आणि ती स्वतःवर हसायची.

एका दुपारी पुन्हा ती खोली होती. खुर्ची भिंतीला सरकवलेली. जमिनीवर बायका बसलेल्या, त्यांचे गुडघे आणि पदर तेवढे दिसत होते. रंगुबाईची सून आरती पडद्याच्या अगदी जवळ आली. डोळे सुजलेले, नाक लाल. तिच्या हातात मोठ्या सूर्यफुलांची चादर होती. तिने ती झटकली, वर उचलली, आणि चित्रावर फुलंच फुलं झाली. मग फुलांतून झिरपणारा उजेड तेवढा राहिला आणि बायकांचं हुंदके देणं, कापडाआडून आल्यासारखं.

सायली अनवाणीच धावली.

रंगुबाई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती.

"काय गं सायले, कुत्रं लागलंय का मागं?"

"आत्या, बऱ्या आहात ना तुम्ही?"

"मला काय धाड भरलीय? तूच पांढरीफट पडलीस. जेवती का न्हाई? नुस्तं आईआई करत ऱ्हातीस. लगीन कर म्हन्लं तर ऐकत न्हाई."

"आत्या, एकदा डॉक्टरकडे जाऊन या. बीपी तरी बघून घ्या. मी येते बरोबर."

"आगं, त्यो डाक्टर माझ्याहून म्हातारा हाय. मीच त्याचं बीपी बघून येते." रंगुबाई पदर तोंडाला लावून हसली. "आरते, हिला च्या टाक. घाबरलंय लेकरू कशानं तरी."

काय सांगणार होती ती? टीव्हीवर तुमच्या घरचं दुःख बघितलं म्हणून? चहा अर्धाच ठेवून ती उठली. घरी येऊन तिने आईच्या नाकापुढे हात धरला.

रंगुबाई त्या आठवड्याची अखेर काही बघू शकली नाही. दुपारची आडवी झाली ती उठलीच नाही. सायली समोर गेली तेव्हा खुर्ची भिंतीला सरकवलेली होती. ती बायकांत बसली. आरती उठली, टीव्हीपाशी गेली. सायलीला मान वर करायची नव्हती. तरी झटकल्याचा आवाज आला, आणि तिला न बघताच कळलं की फुलं सूर्यफुलाची आहेत.

४

"अँटेना काढा," ती फोनवर म्हणाली. "आत्ताच्या आत्ता या."

राधाकृष्ण आला, गच्चीवर गेला आणि लगेच खाली आला. हातात हातभर चपटी वायर होती, टोकाला कुरतडलेली.

"ताई, ह्येच्यासाठी बोलावलं व्हय? ही वरच तुटल्याली हाय. उंदरानं कवाच खाल्ली. खाली काय येतच न्हाई."

"टीव्हीच्या मागे वायर आहे ना?"

त्याने टीव्ही फिरवला. अँटेनाच्या भोकात काहीच नव्हतं. कोळ्याचं जाळं होतं, जुनं, धुळीने भरलेलं.

"तरी लावून बघा," सायली म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "ते बटण दाबा."

त्याने दाबलं. मुंग्या आल्या. पांढऱ्याकाळ्या, सूं करणाऱ्या. राधाकृष्ण तिच्याकडे कीव आल्यासारखा बघायला लागला. आजारी माणसाची उस्तवार करून करून पोरगी थकलीय, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

तेवढ्यात खाटेवरून आवाज आला.

"झाक."

दोघंही वळले. आई मुंग्यांकडे टक लावून बघत होती. ओठाचा डावा कोपरा ओढला गेला होता. लकवा मारल्यापासून तिच्या तोंडून निघालेला तो पहिला शब्द.

"झाक," ती परत म्हणाली. डावा हात उचलून तिने टीव्हीकडे बोट केलं.

"आगं माय, काकू बोलल्या!" राधाकृष्णला आनंद झाला. "ताई, पेढे द्या आता. काय म्हनत्यात? झाका म्हनत्यात. उजेडाचा तरास हुत आसंल."

सायलीला आनंद व्हायला हवा होता. ती फरशीवर बसली आणि दोन्ही हातांनी खाटेचा पाय धरून ठेवला.

अँटेना त्याच दिवशी उतरला. मुंग्यांच्या जागी आपली खोली दिसली ती दुसऱ्या दिवशी.

५

खिडकी, अण्णांचा फोटो, औषधांचं टेबल, कोपऱ्यातली भोकाची खुर्ची. आणि मधोमध आईची खाट.

खाट रिकामी होती.

सायलीने झर्रकन मान वळवली. आई खाटेवर होती, टीव्ही बघत होती. सायलीने पुन्हा पडद्याकडे बघितलं. रिकामी. उशीला खळगा तेवढा. हातातलं पेजेचं पातेलं सुटलं आणि उकळती पेज डाव्या पावलावर सांडली. तिने जुन्या धोतराची पट्टी हळद लावून घोट्यापर्यंत गुंडाळली, आणि गुंडाळता गुंडाळता तिच्या मनात आलं: कापड.

कापड टाकलेलं अजून दिसलं नव्हतं. कापडच नसेल तर टाकणार काय?

तिने पोपटांचं कव्हर ट्रंकेतून काढलं. चादरी काढल्या, पडदे, टॉवेल, ओढण्या, आईची बाकीची लुगडी, देव्हाऱ्यातलं आसन, हात पुसायचं फडकं. सगळं पोत्यांत भरलं आणि लंगडत लंगडत आरतीच्या घरी नेऊन टाकलं. आरतीने विचारलं, "काय गं हे?" सायली म्हणाली, "घरात ढेकूण झालेत वहिनी, औषध मारायचंय." आई आता नुसत्या रेक्झिनच्या गादीवर होती, अंगावर लुगडं तेवढं. हवा थंड असली की सायली तिला कवेत घेऊन बसायची.

पंकजचा फोन आला. आरतीनेच कळवलं असणार.

"ताई, खिडक्यांचे पडदे काढलेस म्हणे. काय चाललंय?"

"तू घरी ये."

"शनिवारी बघतो. ताई, तू झोपतेस का नीट? टीव्ही विकून टाकू का आपण? मी आईला मोबाईल आणतो मोठा."

विकायचा विचार तिनेही केला होता. प्लग काढूनही बघितला होता. संध्याकाळपर्यंत आईचे डोळे विझत गेले. पाणी ओठांवरून खाली ओघळायला लागलं. शिवाय दुसरी भीती होती. टीव्ही नसला म्हणजे ते होणार नाही, असं कुठे होतं? ते फक्त आधी दिसणार नव्हतं, एवढंच. रंगुबाईला दिसलं नव्हतं, तरी ती गेलीच की. सायलीने प्लग परत लावला.

मग एका दुपारी, आई झोपलेली असताना, ती टीव्हीपुढे गुडघ्यांवर बसली. बटण दाबलं. रिकामी खाट आली. तिने हात जोडले. कुणापुढे, ते तिला माहीत नव्हतं, आणि लाजही वाटत होती.

"आईला नको," ती पुटपुटली. "तिला उठव. तिच्या पायांवर उभी कर. बाकी काय पाहिजे ते घे. काय पाहिजे ते. पण तिला नको."

चित्रातला पंखा फिरत होता. खोलीतला बंद होता.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी स्पंज करताना आईच्या उजव्या पायाचा अंगठा हलला.

सायलीला आधी भास वाटला. तिने तळव्याला गुदगुल्या केल्या. अंगठा आत वळला, मग बाहेर. आई हसली, अर्ध्याच तोंडाने, पण हसली. दुपारपर्यंत सगळी बोटं हलायला लागली, पुढे टाच गादीवरून उचलली गेली. सायलीने फिजिओच्या सरांना फोन केला. ते म्हणाले, "अरे वा! आता घाई करायची नाही. पहिल्यांदा उभ्या राहतील तेव्हा डावा पाय भक्कम पडेल आणि उजवा ओढत येईल. घाबरायचं नाही. तुम्ही समोर उभ्या राहा आणि बोलत राहा."

तिने पंकजला कळवलं. आरतीला खिडकीतूनच ओरडून सांगितलं. अण्णांच्या फोटोला हार घातला. कितीतरी दिवसांनी तिला भूक लागली. शिळी भाकरी कुस्करून दूध घालून खाल्ली, उभ्याउभ्याच. संपलं सगळं, ती मनाशी म्हणाली. आता ते बटण कशाला दाबायचं?

म्हणूनच दाबलं. खाट भरलेली दिसेल, एवढंच बघायला.

बाहेर उसाची ट्रॉली चालली होती, कुठल्यातरी गाण्याचा दणदणाट करत. आवाज लांब गेला. आई मागे खाटेवर होती, तिच्या श्वासाची घरघर ऐकू येत होती.

खाट रिकामी होती. पण आज चित्रात खाटेच्या खालच्या बाजूला, फरशीवर, काहीतरी होतं. सायली पुढे सरकली. पाऊल होतं. कुणीतरी जमिनीवर पडलेलं होतं, बाकीचं शरीर चित्राच्या कडेबाहेर राहिलं होतं. नुसतं पाऊल आत आलेलं, बोटं वर केलेलं. डावं पाऊल. त्याला घोट्यापर्यंत धोतराची पट्टी गुंडाळली होती, हळदीने पिवळी झालेली.

तिने खाली स्वतःच्या पायाकडे बघितलं. मग परत वर.

चित्रात बाजूने एक हात आला. म्हातारा, डावा. मनगटावर गोंदलेलं तुळशीवृंदावन, हिरवं, कडा फाकलेलं. लहानपणी त्याच्यावर बोट फिरवत सायली झोपायची. हातात कापड होतं. तिने कसं विसरावं? साऱ्या घरातलं कापड तिने बाहेर काढलं होतं, आईच्या अंगावरचं लुगडं सोडून. त्याचा पदर त्या हातात होता. हात स्थिर होता, जराही थरथरत नव्हता. तो पदर हळूहळू वर उचलत होता.

म्हणजे आई उभी होती.

सायलीच्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, आणि त्या क्षणी तिला इतकं हलकं वाटलं की हसूच यायला लागलं. आईला नव्हतं नेणार. आईला काही होणार नव्हतं.

मागे खाट करकरली.

मग फरशीवर पावलाचा आवाज आला. एक भक्कम. एक ओढत येणारा. सर म्हणाले होते तस्साच.

तिने मागे बघितलं नाही. पडद्यावर लुगड्याची हिरवी चौकडी पसरत येत होती. छातीत काहीतरी घट्ट आवळायला लागलं होतं, डाव्या खांद्यातून खाली उतरत होतं, आणि पाय आपोआप दुमडत होते. व्यायामाच्या वेळी रोज म्हणायची तेच तिने म्हटलं, जमेल तितक्या धीराने, आईने घाबरू नये म्हणून.

"सावकाश, आई. घाई नको करू. मी इथेच आहे."